विसार

काउंटरच्या काचेवर ओजसनं चिकटवलंय,
मराठीत आणि गुजरातीत, दोन्हीकडे एकेक चूक ठेवून:
टेबल राखून हवे असल्यास मेनू आधी ठरवावा
व पैसे आधी भरावेत.
खाली तो ठिपक्यांचा चौकोन,
ज्याच्यावर फोन धरला की पैसे येतात.

मला लाज वाटली होती.
दांडिया बाजारात एकोणीस वर्षं ताटं वाढतेय,
हात धुवायच्या आत पैसे कधी मागितले नाहीत.
फणसे काकू म्हणाल्याच, "अगं, आमच्याकडूनही?"
नटुभाई तेवढे खूश: "बेन, एवुं ज होय."

काकूंना ती रात्र कुठे ठाऊक?
सव्वीस ताटांचा साखरपुडा, नुसत्या शब्दावर.
अळूवड्यांचे उंडे वळलेले,
चक्का आदल्या दिवसापासून टांगलेला,
आणि साडेनऊला कळलं
मंडळी अलकापुरीत, एसीत बसलीत.
श्रीखंड मी रिक्षा स्टँडवर वाटलं.
पुढे आठवडाभर एकाही रिक्षावाल्यानं
माझ्याकडून भाडं घेतलं नाही.
तेवढीच वसुली.

वडील जुन्या फर्निचरची दलाली करायचे,
ते ह्याला विसार म्हणत.
हातावर रुपया टेकवला की शिसवी कपाट तुमचं,
मग न्यायला कधीही या.
"विसार दिला की विसरायचं नाही,"
हा त्यांचा विनोद. आम्ही पहिल्यांदाच काय ते हसलो.

तर मार्गशीर्षातला तो रविवार.
सबनीस, आठ ताटं, पैसे बुधवारीच आलेले.
मेनू बाईंनी स्वतः लिहून पाठवलेला:
भरली वांगी, मसालेभात, पुरणपोळी, कटाची आमटी,
कोथिंबीर वडी. आणि शेवटी,
मिठाची वाटी वेगळी ठेवा, एकजण अळणी खातो.

साडेसात. आठ. सव्वानऊ.
खिडकीजवळचं टेबल मांडलेलं, पेले पालथे.
जिन्यावर लोक, कठड्याला पोरं लोंबकळतायत.
"ते रिकामंच आहे ना?"
रिकामं नाही, मी म्हणाले. विकलेलं आहे.
म्हणाले आणि वाटलं,
हे वाक्य माझ्या तोंडात कधी आलं?

पावणेदहाला फोन.
बाई हळू बोलत होत्या, जवळ कोणी झोपलं असावं.
"आम्ही नाही येत. ज्याच्यासाठी होतं, त्याचं विमान...
नाही, विमान आलं. तो नाही आला."
मी वाक्यं जुळवू लागले, बघते, परत काय करता येईल...
"पैशांचं असू द्या. केलं होतंत ना सगळं?"
केलं होतं.
"मग सांगा, पोळी कशी झालीय?"

खरं म्हणजे रात्री मी दूधपोहे खाते.
स्वतःच्या स्वयंपाकाची चव मला वासावरून कळते,
डॉक्टरला दारातूनच रोगी कळावा तशी.
फोन खांद्याशी दाबून त्या टेबलाशी बसले,
मिठाच्या वाटीसमोरची खुर्ची निघाली.
नटुभाईंनी न विचारता वाढलं.

पोळी काठापर्यंत भरलीय, मी म्हणाले.
जायफळ जरा पुढे आलंय.
"आणि आमटी? तिखट?"
जिभेवर नाही. गिळल्यावर.
वांग्यांचे देठ ठेवलेत, चोखायला.
पलीकडून नुसतं "हं",
घास तोंडात असताना माणसं म्हणतात तसं.
भाताशी आल्यावर म्हणाल्या, "पुरे आता.
उरलेलं कोणालाही वाढा."

जिन्यावरच्या सातजणांना बसवलं.
त्यांनी बिल मागितलं. मला सांगता येईना.
झालंय, म्हणाले.

वहीत दोनच रकाने: आले, नाही आले.
पेन बराच वेळ मधल्या रेघेवर.

सकाळी एका ताटाचे चारशे ऐंशी परत धाडले.
ते मी खाल्लं होतं,
आणि माझ्या नावावर विसार नव्हता.

दुपारी तेवढेच पैसे उलट आले, सोबत एक ओळ:
"कोथिंबीर वडीचं सांगायचं राहिलं तुमचं."