तागा

रात्रीचे दोन. शहापुरातले माग थांबलेत,
सर्व्हर जागा आहे, म्हणून मीही.
कुणीतरी एक मागतोय
शून्य ते नऊ, पाच ते बारा, परत शून्य ते नऊ,
एकाच फाइलीचे हजार तुकडे, एकमेकांवर चढलेले.

कल्लाप्पामामा खडेबाजारात कापड विकायचे.
"तिसऱ्या वारापासून सातव्यापर्यंत द्या,
आन् पाचव्यापासून नवव्यापर्यंतबी"
असलं गिऱ्हाईक आलं की
वाद नाही. कात्री खाली,
अख्खा तागा पुढं सारायचे:
"घे की, सगळाच घे."
साठावा वार मागणाऱ्याला मात्र
आधी कन्नडात, "इल्ला",
मग मराठीत,
"तागा चाळिसाचाच हाय बाबा."

मी दोन ओळी बदलल्या.
पंखा थोडा हळू झाला.
तो अजून मागतोच आहे,
शून्य ते नऊ.