ताळेबंद, टोस्टर

लिहायचं टाऊसेस्टर, म्हणायचं टोस्टर.
एकोणीस वर्षांपूर्वी मी लिहिलंय तसं म्हणाले
आणि गेटवरचा पिम खोकला येईपर्यंत हसला.
बरं झालं, मला आकडे सांभाळायचे होते.
आकडे लिहिलेत तसेच म्हणतात.
निदान तेव्हा म्हणत.

ऑर्मरॉड म्हातारा वॉशर वेचायचा.
अक्षरशः. एक हात गुडघ्यावर, वाकून,
बिस्किटांच्या डब्यात टाकायचा
आणि डबा भरला की माझ्या टेबलावर उपडा करायचा:
"हे कोणत्या खात्यात?"
मी खरंच एक खातं उघडलं. नाव दिलं, सापडलेलं.
वर्षाअखेर अकरा पाउंड चाळीस पेन्स.
त्या वर्षी गाडीचा पुढचा पंख एक लाखाला पडत होता
आणि आमच्या पोरानं एका शनिवार-रविवारात
तीन मोडले.

माझे वडील इचलकरंजीत लेथवर असत.
केसाएवढी चूक झाली की मालक दिवसाचा पगार कापायचा.
इथे केसाएवढं काही सुधारायचं तर
नव्वद माणसं, रात्रपाळी,
बोगद्यात सोडलेला वारा.
वाऱ्याचंसुद्धा बिल येतं, बाबा, मी फोनवर सांगितलं.
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "युनिटमागे किती?"

पुढे वरच्या लोकांनी खर्चाला टोपी घातली.
मराठीत टोपी घालणं म्हणजे काय
हे मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही.
टोपीखाली न मावणारं सगळं बाहेर राहिलं:
पोराचा पगार, विमानं, वकील,
आणि टोपी नीट बसलीय ना हे बघणारी
सहा नवी माणसं, माझ्याच खोलीत.

कोण येणार पुढे, याच्या पैजा कँटीनमध्ये लागत.
गाइल्स, थोरला, सिंगापुरात घड्याळं विकतो.
लंडनच्या फंडाचा एक माणूस दोनदा येऊन गेला,
त्याच्या बुटांना तेल लागलं नाही.
एका मंगळवारी म्हातारा ताट घेऊन उभा राहिला.
"सोमवारपासून हेस्टर."
आणि ग्रेव्ही उरलीय का, विचारलं.

हेस्टरनं आल्या आल्या माझं दार लावून घेतलं.
बापानं कधी लावलं नव्हतं.
"किती दिवस?"
पगार धरून एकसष्ट.
"पगार सोडून मी विचारलंच नव्हतं."
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही,
असं काहीतरी मी माझ्या इंग्रजीत म्हटलं.
तिनं खिडकीतून खाली दर्शनी दालनात बघितलं,
जिथे अठ्ठ्याहत्तरची गाडी उभी असायची,
नंबर एकवीस, नाकावर जुना ओरखडा.
ती गाडी म्हाताऱ्यानं रंगवू दिली नव्हती.
काच पुसणाऱ्यालाही सांगून ठेवलं होतं, इथे हात नको.

ट्रक आला त्या दिवशी तो आला.
पिमनं पाहुण्यांचा बिल्ला दिला, त्यानं तो कोटाला लावला.
चारही टायरांतली हवा स्वतः तपासली.
डाव्या मागच्यात कमी होती, भरायला लावली.
मग माझ्यापाशी येऊन हळूच,
"व्हॅट धरून?"
वगळून, मी म्हटलं.
मान डोलावली. मुलीकडे गेला नाही.
मुलगीही वरून खाली आली नाही.
दोघांचा चहा मीच प्यायले.

फरशीवर चार काळे डाग राहिलेत.
हेस्टर सरळ त्यांच्यावरून चालत जाते.
मला अजून वळसा पडतो.

त्या पैशांत आम्ही पाच आठवड्यांचा वारा घेतला.
जुलैत, सिल्व्हरस्टोनकडून गावावर आवाज येत होता,
पात्रता फेरीत आम्ही सोळाव्याचे चौदावे झालो.
शून्य पूर्णांक शून्य सात सेकंद.
मी भागाकार करून पाहिला, आणि कागद उलटा ठेवला.
संध्याकाळी गेटवर पिमनं विचारलं,
चौदावं म्हणजे चांगलं की वाईट?
लिहायचं चौदावं, मी म्हणाले.