तलचिन्ह

‘द लेम पोनी’च्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला,
दगडात एक आडवी रेघ कोरलेली आहे
आणि रेघेखाली बाण, कावळ्याच्या पावलासारखा.
समुद्रापासून एकशे बारा मीटर, चाळीस सेंटिमीटर.
शंभर वर्षांपूर्वी कुणी मोजणीदार छिन्नी घेऊन आला असेल,
रेघ मारून झाल्यावर आत जाऊन
एक ग्लास प्यायला असेल उभ्या उभ्या.

मीही उंची तिथूनच घेतो.
त्या रेघेवरून मोजत मोजत आखलेला रस्ता
माझ्या नकाशात
या पबच्या काउंटरमधून जातो.

ग्लेनिस बेडोज, वय एकाहत्तर,
मला चहा आणून देते. मला,
जो दारावर नोटीस चिकटवून आत आलाय.
“नेमका कुठून?” विचारते.
मी बोट फिरवतो: डार्ट्सची फळी, शेकोटी, ती कोपऱ्यातली खुर्ची.
“ती पर्सीची. नऊ वर्षं झाली त्याला जाऊन,
अजून कुणी बसत नाही. तुमचा रस्ता बसणार म्हणायचा.”

वेल्सहून बदकं यायची या वाटेने, लंडनच्या बाजाराला,
पाय डांबरात बुडवून वाळूत चालवलेली,
म्हणजे तीच त्यांची पायताणं.
त्यांचे हाके इथे मुक्काम करायचे.
मग घोडागाड्या, मग लॉऱ्या.
इमारतीचा कोपरा अकरा वेळा लॉऱ्यांनी खरवडलाय,
दर वेळी वेगळ्या विटांनी बुजवलाय,
लेंग्याला ठिगळं असतात तसा.

माझे वडील मैलकुली होते, कराडच्या पुढे.
एक मैल रस्ता त्यांचा. खड्डे बुजवायचे,
दिवाळीआधी वडांच्या बुंध्यांना
गेरू आणि चुन्याचे पट्टे मारायचे.
रुंदीकरणात वडही गेले, पट्टेही.
तेव्हा ते म्हणाले होते, वाट लावली.
ग्लेनिसला हे कसं सांगू,
की आमच्याकडे वाट काढतात, वाट पाहतात, वाटेला लावतात,
आणि वाट लावणं म्हणजे
एखाद्या गोष्टीचं पार वाटोळं करणं.

माळ्यावर वटवाघळं आहेत. त्यांच्यासाठी
दोन वर्षं काम थांबलं, एक तज्ज्ञ बाई येऊन
रात्र रात्र मोजून गेल्या. सदतीस.
ग्लेनिस हसते. “मलाही उलटं टांगून घ्यायला हवं होतं.”

मग हसणं मध्येच थांबवते, आणि खिडकीबाहेर बघते,
जिथे रस्ता अचानक उजवीकडे मोडतो.
“कॅलम. माझ्या बहिणीचा नातू.
मोटरसायकल. एकोणीस वर्षांचा. याच वळणावर.
म्हणून त्या कागदावर सही नाही केली मी,
तुमच्या विरोधातल्या.
तुमच्या बाजूनेही नाही केली.”

चहा संपला. कप मी स्वतःच विसळून ठेवला.
निघायच्या आधी ही खूण दुसरीकडे न्यायची असते:
नदीवरच्या पुलाच्या कठड्यावर एक खिळा,
त्याला हिची उंची द्यायची. भिंत पडली
तरी आकडा राहतो. एवढंच
आम्हाला हलवता येतं.

माझा मदतनीस आजारी, म्हणून पट्टी तिने धरली.
ॲप्रनमध्येच, पबकडे पाठ करून,
रेघेवर टेकवून दोन्ही हातांनी सरळ.
लॉरी गेली की पट्टी थरथरायची.
“हलू नका,” मी लांबून ओरडलो.
“मी कुठे हलतेय?” तिने ओरडून विचारलं.

पुलाच्या जुन्या खुणेशी ताडून पाहिलं.
तीन मिलिमीटर कमी.
शंभर वर्षांत, अकरा लॉऱ्या खाऊन,
एवढीच खचली होती ती.
तारीख टाकून मी तेही लिहून ठेवलं
शेरा या रकान्यात,
जो सहसा कुणी वाचत नाही.