यंदाचे बारा तास

सात दहाची दोंडाईचा-धुळे गाडी.
मांडीवर फाईल, फाईलमध्ये गेल्या वर्षीचं प्रमाणपत्र,
मुदत संपायला एकोणीस दिवस.
कंडक्टर म्हणाला, काकू, लग्नाला का?
म्हटलं, शाळेला.
तो हसला. मी सुट्टे मोजले.

गल्लीत तर रोजचंच,
"तीन पोरं वाढवलीस ना वं माय,
आते काय शिकस तू?"
खरंय. तीन वाढवली.
तेव्हा कुणी परवाना मागितला नव्हता.
थोरल्याला एकदा गिरणीच्या पट्ट्यानं हाणलं,
वळ आठ दिवस होते पाठीवर,
तेव्हाही कुणी दारात येऊन
माझं आईपण तपासलं नाही.

रमिला आली ती धडगावकडून,
समितीच्या गाडीतून, आठ वर्षांची,
पायात कुणाच्या तरी मापाच्या चपला.
त्या घालूनच झोपायची.
पहिल्या रात्री मी काढायला गेले
तर डोळे मिटलेलेच, आणि पाय
पोटाशी ओढून घेतले तिनं.
गोधडी चिखलानं भरली. धुतली. पुन्हा भरली.
दर्यावसिंग म्हणाले, असू दे.
ते कधी कुठल्या प्रशिक्षणाला बसले नाहीत.

हॉलमध्ये एक पंखा, तोही पुढच्यांवर.
जागृती बोरसे मॅडम माझ्या धाकटीएवढ्या,
पांढऱ्या कागदावर निळ्या पेननं लिहितात:
स्पर्श करण्याआधी काय कराल?
साक्रीचं जोडपं म्हणालं, विचारू.
शिरपूरचे पोस्टमन म्हणाले, विचारू आणि थांबू.
माझी पाळी आली.
म्हटलं, मॅडम, आमची मिरची कांडायची गिरणी.
हंगामात हात कोपरापर्यंत पेटलेला असतो.
मी आधी तेल लावते, मग राख, मग साबण,
मग आपल्याच डोळ्याला बोट लावून बघते.
नाही झोंबलं
तर तिच्या वेणीला हात घालते.
कुणीतरी हसलं.
मॅडमनी पेनाचं टोपण लावलं
आणि थोडा वेळ काहीच लिहिलं नाही.

जेवणात पोळी, बटाटा, पाणचट वरण.
पोस्टमन काका बटाटा बाजूला सारत म्हणाले,
चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटली,
एकही फोडलं नाही.
हे पोरगंही तसंच धरायचं का हो?
मला उत्तर आलं नाही.
वरणात मीठ कमी होतं, तेवढं सांगितलं.

दुपारचा विषय होता निरोप.
रिकामी खुर्ची ठेवली मधोमध.
हिच्यावर तुमचं मूल आहे, म्हणाल्या,
उद्या त्याच्या माणसांकडे जाणार आहे,
बोला.
रमिलाची मावशी सापडलीय तोरणमाळला.
होळीनंतर बघू, असं समिती म्हणते.
मी खुर्चीसमोर उभी राहिले.
खुर्ची लोखंडी, मागे पांढऱ्या अक्षरात
कार्यालयाचं नाव आणि नंबर सत्तावीस.
वाक्यं पाठ होती, गेल्या वर्षीच दिली होती छापून.
मी वाकून
खुर्चीच्या पायाशी बघत बसले,
चपला आहेत का.

मॅडम म्हणाल्या, पुन्हा करू या का, पुढच्या वेळी?
पुढच्या वेळचे अजून सहा तास बाकी.
हजेरीपटावर सही केली: विमलबाई दर्यावसिंग गिरासे.
खाली रकाना होता,
आज काय शिकलात, एका ओळीत.
तो तसाच राहिला.

अंधार पडताना पोचले.
पथारीवर दिवसभर तापलेल्या मिरचीचा वास
गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता घ्यायला.
ती ओट्यावर, एका पायात चपला,
दुसरी कुठे ते विचारलं नाही.
फाईल ओढून घेतली तिनं,
जुनं प्रमाणपत्र अक्षर-अक्षर जोडून वाचलं,
माझं नाव वाचलं, गावाचं नाव वाचलं,
मग बोट ठेवून थांबली.
"मुदत म्हणजे काय?"

म्हटलं, पुन्हा शिकायला जायची तारीख.
"मग तू नापास झालीस?"
मी हात धुवायला आत गेले,
आज मिरचीला हातही लावला नव्हता तरी.