चाळीस व्हॉल्यूम

दुपारी अडीचला पार्लरात पुरुष येत नाही.
भरतेश चौगुले आले आणि उंबऱ्यापाशीच घुटमळले,
चप्पल काढावी की नको, या विचारात.
काखेत बुटांचं खोकं.
"ताई, केसाला लावायचं ते डेव्हलपर,
चाळीस व्हॉल्यूम. गावंल काय तुमच्याकडं?"
डोक्यावर मोजून चाळीसच केस.
मी हसले नाही.
या धंद्यात हसू आवरायला आधी शिकावं लागतं.

खोक्यात अंतराळवीर. वीतभर.
एके काळी पांढरा,
आता कपातल्या चहात रात्रभर राहिल्यासारखा.
बारा जणांच्या संचातला नववा,
मिरजेच्या भंगारवाल्याकडून किलोच्या भावात सोडवलेला.
"सातवा अजून घावंना," ते म्हणाले,
पोरगं गावाहून परतलं नाही, अशा आवाजात.

तीस वर्षं मार्केट यार्डात, हळदीच्या आडतीवर दिवाणजी.
नखांच्या कडा पिवळ्या, कॉलर पिवळी,
खिशातला रुमाल तर विचारूच नका.
त्यांना वाटलेलं, आपल्याच हाताचा रंग लागला.
म्हणून साबण झाला, रिठा झाला,
खाण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश झाला.
पण हळद वरून लागते.
हे पिवळं आतून येतं,
प्लास्टिकच्या पोटातून, सावकाश,
कपाटात जपून ठेवलं तरी,
कुणी बोटसुद्धा लावलं नाही तरी.
माझ्या गिऱ्हाइकांना मी हेच सांगते,
जरा गोड शब्दांत.

मग खणभागातल्या आमच्या गच्चीवर,
एप्रिलच्या उन्हात, पाण्याच्या टाकीजवळ
पाटावर वर्तमानपत्र अंथरून
त्यांनी पाठीचे चार स्क्रू काढले.
झाकण निघालं.
आत ऊन कधी पोचलंच नव्हतं.
दुधाच्या दातासारखं पांढरं,
आणि त्यावर निळ्या बॉलपेननं, दाबून दाबून:
किरण. चौथी ब.
मुलगा की मुलगी, कळायला मार्ग नाही.
चौगुल्यांनी चष्मा वर केला, खाली केला.
"इथं नका लावू," एवढंच म्हणाले.

छातीवरचं स्टिकर व्हॅसलीननं झाकलं.
ज्या ब्रशनं मी भांगातली मुळं रंगवते
त्याच ब्रशनं क्रीम चोपडलं,
काखेत, गुडघ्यामागे, शिरस्त्राणाच्या खोबणीत.
वर पातळ प्लास्टिक, घट्ट.
बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर ढगासारखे डाग पडतात.
दर वीस मिनिटांनी कूस बदलायची,
अंथरुणाला खिळलेल्या माणसाची बदलतात तशी.

याच बाटलीच्या जोरावर मी पांढऱ्याचं काळं करते.
अर्धा खणभाग माझ्या हाताखालून
काळा होऊन गेलाय, लग्नसराईत तर रांग असते.
पिवळ्याचं पांढरं मात्र पहिल्यांदाच.
मध्येच खालून कुणीतरी आयब्रोसाठी हाक मारली,
"आज बंद आहे," मी वरूनच सांगितलं,
शटर उघडं असताना.

पाच वाजता धुतला.
गुडघ्यामागे प्लास्टिकला चुणी पडली होती,
तिथं सायीएवढी पिवळी झाक राहिली.
बाकी लख्ख.
"दोन-तीन वर्षांत परत पडेल पिवळा,"
मी आधीच सांगून टाकलं. खोटं सांगून गिऱ्हाईक टिकत नाही.
"पडंल की," ते म्हणाले. "तवा येतो परत."

मग त्यांनी तो उचलून उजेडात धरला,
फिरवला, खाली ठेवला,
आणि शिरस्त्राणावर अंगठा उमटला.
पिवळाधमक, एकेक रेघ मोजून घ्यावी असा.
मी कापूस घेतला.
"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले,
प्रथमच धंद्यातल्या माणसाच्या आवाजात.
"हळद हाय ती. ऊन खातंय तिला."

कठड्यावर ठेवला, तोंड मावळतीकडे.
आम्ही टाकीच्या सावलीत उभे,
चार स्क्रू माझ्या तळहातावर, अजून कोमट.
पाठ उघडीच होती त्याची.
किरण सावलीत.