टॅनर स्ट्रीटच्या मधून

काउंटीच्या गोदामात एक्केचाळीस वर्षं काढली मी,
निवडणुकीच्या वह्या, पेट्या, गंजलेल्या किल्ल्या सांभाळत.
कुणी विचारलं, चौथा मतदारसंघ नक्की कुठाय,
तर मी आधी विचारतो: कुठल्या सालचा?

अठ्ठावन्नचा हवा असेल तर तो नदीला चिकटून होता,
पोलाद गिरणीच्या भोंग्यावर उठणारा.
स्लोवाक चर्चच्या तळघरात मतदान.
हिरव्या पडद्याचं यंत्र, दांडा ओढला
की आत काहीतरी खट्ट करून मिटायचं.
माणसं पाळी संपवून तशीच यायची.
वहीच्या पानावर अजून काळा अंगठा आहे,
श्टेफान ह्रुश्काचा. सही येत होती त्याला.
घाई होती.

काँग्रेसमन तेव्हा एकच, मॅलॉय.
बावीस वर्षं. बारशाला, मयताला, बोलिंगच्या बक्षीस समारंभाला.
त्याच्या विरोधात दर दोन वर्षांनी
एक दंतवैद्य उभा राहायचा, डॉक्टर एंगस्ट्रॉम,
मंगळवारी हरायचा
आणि बुधवारी सकाळी दवाखाना उघडायचा.
मॅलॉयची कवळी त्यानंच बनवली होती म्हणतात.

मग हायवे आला.
सहासष्टच्या नकाशात तो निळ्या पेन्सिलीचा ओघळ होता.
त्याखाली गेली नऊशे घरं,
काळ्या लोकांची दोन चर्चं, आणि ते न्हाव्याचं दुकान
ज्याच्या मागच्या खोलीत लव्हेनिया ग्रूम्सबाईंनी
चारशे बारा नावं मतदारयादीत चढवली होती,
एकेक नाव दोनदा मोठ्यानं वाचून.
ती यादी माझ्याकडे आहे.
पत्ते सगळे आता हवेत,
ताशी पासष्ट मैलांनी.

गोरे लोक टेकडीपलीकडे गेले.
हिरवळ, दोन गाड्यांची गॅरेजं,
तोडलेल्या ओकची नावं लावलेल्या वसाहती.
मतंही नेली त्यांनी, फर्निचरसारखी,
आणि नव्या दिवाणखान्यात मांडल्यावर
त्यांचा रंग वेगळाच दिसू लागला.

ब्याऐंशीला जागा फिरली, सदतीस मतांनी.
फेरमोजणी अकरा दिवस चालली.
भोकं पाडलेली कार्डं आम्ही दिव्यासमोर धरायचो,
अंडी तपासावीत तशी.
एका कार्डाचा कपटा कोपऱ्यावर लोंबत राहिला होता.
तीन वकील त्याच्यावर वाकले.
मी नवा होतो. मला शिंक आली होती.
अजून वाटतं, ती दाबली हेच माझं
प्रजासत्ताकाला दिलेलं योगदान.

दर दहा वर्षांनी शिरगणती, मग राजधानीतून नवा नकाशा.
कधी मतदारसंघ बुटासारखा, कधी कोळंबीसारखा,
ब्याण्णवचा तर सांडलेली कॉफी:
शहराचा एक लचका इथे, एक तिथे,
मध्ये गोल्फचं मैदान, त्यात मतदार शून्य, बदकं पुष्कळ.
आणि आता रेघ टॅनर स्ट्रीटच्या मधून जाते.
विषम घरं चौथ्यात, सम घरं नवव्यात.

एकशे बेचाळीसमध्ये ओडेसा, लव्हेनियाबाईंची नात.
समोर एकशे एक्केचाळीसमध्ये हर्कमाया गुरागाईं,
भूतानातून निघालेल्या, अठरा वर्षं छावणीत राहिलेल्या.
दोघींत बर्फ ओढायचं फावडं एक.

मागच्या नोव्हेंबरात हर्कमायाबाईंचं पहिलं मत.
ओडेसानं त्यांना गाडीतून नेलं,
रांगेत पन्नास मिनिटं त्यांची पिशवी धरली,
आणि म्हणाली, आलेच आहे तर माझंही उरकते.
टेबलावरच्या पोरानं यादीतून बोट फिरवलं.
तुमचं केंद्र इथलं नाही बाई. मॉलच्या मागे, चार मैल.
साडेसात वाजायला आले होते.

ती पोहोचली का, ते वहीत बघता आलं असतं.
ओळखीची माणसं आहेत अजून तिथे.
मी बघितलं नाही.

काल रात्रभर पडला बर्फ.
फावडं सम बाजूच्या पायरीला टेकवलेलं होतं.
सकाळी विषम बाजूनं हाक आली.