करंगळी

ओ ग्रोवेच्या कॅनिंग कारखान्यात एर्मितास
एकवीस वर्षं शिंपले सोलते.
वाफेतून आलेला शिंपला अंगठ्याने उघडायचा,
आतलं नारिंगी मांस अलगद सोडवायचं,
मग व्हिनेगर, मग मीठ, मग पुढचा.

मुलाने रॉटरडॅमहून फोन पाठवला.
ब्रेइशो म्हणाला, आई, आकडे पाठ करायला नकोत,
नुसतं बोट टेकव.
तुझ्याशिवाय कोणालाही उघडणार नाही.
तसंच झालं, जरा जास्तच झालं:
तिलाही उघडेना.

सुट्टीत आम्ही मागच्या भिंतीशी उन्हात बसायचो.
ती अंगठा दाबायची, फोन थरथरून नाही म्हणायचा.
फुंकून, पुसून, एप्रनला घासून
पुन्हा.
‘अंगठा मी द्यायचा,’ ती म्हणाली,
‘आणि हा मला अंगठा दाखवतो.’

मग खाडीत तांबडं पाणी आलं.
काढणी थांबली, कारखाना बारा दिवस बंद.
पाचव्या दिवशी तिने मला हाक मारून दाखवलं:
अंगठ्यावर बारीक रेघा उमटल्या होत्या,
ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा.
फोन लगेच उघडला. नातीचा दात पडलेला फोटो
तिने अख्ख्या गल्लीला दाखवला.
बारा दिवस यंत्र तिला ओळखत होतं
आणि बारा दिवस पगार नव्हता.

पाणी निवळलं. तिसऱ्या पाळीला रेघा गेल्या.

दुकानातल्या पोराने दहाही बोटं लावून पाहिली,
एकेक, कंटाळत.
शेवटी डाव्या हाताची करंगळी.
चौदाव्या वर्षी दोरखंडात चिरडलेली,
वाकडी राहिलेली, म्हणून कामाला कधीच न लागलेली.
टक् करून उघडला.
‘हिला मी जन्मभर आळशी म्हटलं,’ एर्मितास म्हणाली,
आणि तिथेच काउंटरवर
करंगळीला मलम चोळत बसली.

आता ती फोन उघडते तेव्हा
बड्या घरची बाई कॉफी पितेय असं वाटतं.
आम्ही हसतो. तीही हसते.

मी अजून चार आकडेच टाकते,
नवऱ्याच्या बोटीचा नंबर.
कारखान्यात सगळ्यांना पाठ आहे,
सुरक्षा वगैरे म्हणाल तर शून्य.
बोट सात वर्षांपूर्वी भंगारात गेली.
नंबर चालतो.